चित्त्याच्या गाडीवर

साल 1936, पौषातली सकाळ. कोल्हापूरच्या पूर्वेला, शाळूची रानं संपून माळ लागतो तिथं तुम्ही बैलगाडीत बसला आहात आणि तुमच्या पाठीशी, हातभर अंतरावर, एक चित्ता बसला आहे. डोळ्यांवर चामड्याची टोपी, एक पट्टा गळ्यात, दुसरा कमरेला. त्याच्या छातीतून बोक्यासारखी घुरघुर येते आहे.

"भिऊ नगासा, पाव्हणं," अण्णा म्हणतात. "खूश हाय त्यो."

अण्णा दरबारच्या पागेतले जुने नोकर. त्यांना चित्त्याच्या शिकारीचा नाद, तुम्हालाही. फरक इतकाच, की तुमचा नाद पुस्तकातून आलेला आणि त्यांचा गाडीचे दणके खाऊन. तेव्हा त्यांनी बोलावं, तुम्ही ऐकावं. हा नाद भावनगरचा, असं त्यांचं म्हणणं. शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी राजकोटच्या राजकुमार कॉलेजातले सोबती; तिथून तो कोल्हापुरात आला आणि राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत अजून टिकून आहे.

तुमचा पांढरा सदरा अण्णांनी केव्हाच घोंगड्याखाली झाकायला लावलाय. काळविटाची खरी भिस्त डोळ्यांवर. या उघड्या माळावर पायी निघालात, तर तुम्ही जवळ पोचायच्या आत कळप उधळलेला असेल. बैलगाडी मात्र त्यानं जन्मापासून पाहिलेली असते, कडब्याची, शेणखताची, बाजाराची. सगळा डाव या सवयीवर उभा आहे. कळपावर रोख धरून जायचं नाही. दुसऱ्याच गावाला निघाल्यासारखं बाजूनं जायचं, लांबून वळसा घ्यायचा, पुढचा वळसा थोडा आतून. मध्ये थांबायचं नाही. चाक थांबलं की तिकडं माना वर होतात.

वाटेत अण्णा बोटानं लेंड्यांचा एक मोठा ढीग दाखवतात. ही नराची हद्द. रोज तिथंच येऊन तो ढीग वाढवतो, म्हणूनच भल्या पहाटे गाडी नेमकी इकडं हाकली.

गाडीतला हा गडी आपल्याकडचा नव्हे. आफ्रिकेतून बोटीनं आलाय. शतकानुशतकं पाळूनही चित्ता माणसाच्या ताब्यात वीत नसे. जहांगिराच्या काळातली एक नोंद आहे, तीही नवल म्हणून केलेली. त्यामुळे प्रत्येक शिकारी चित्ता रानातूनच धरावा लागे, तोही वाढलेला, कारण हरीण कसं पाडायचं हे त्याला आईच शिकवते. ज्या झाडाशी चित्ते नखं ओरबाडायला जमतात, तिथं पारधी फास लावत. मग महिनोन् महिने त्याला माणसांत, बाजारात, बाजेशी बांधून ठेवायचं. चित्तेवान त्याला शिकार शिकवत नाही, परत यायला शिकवतो. या विद्येपुढं नुसत्या बंदुकीची शिकार मला फार सोपी वाटते.

अकबराकडे एका वेळी हजार चित्ते होते म्हणतात. रानातून नुसतं काढत राहायचं, पिल्लू जवळजवळ नाहीच, आणि माळ नांगराखाली जातच होते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: 1947 साली मध्य भारतातल्या कोरिया संस्थानच्या राजानं मारलेले तीन चित्ते, 1952 साली चित्ता नामशेष झाल्याची सरकारी घोषणा. अण्णांना सांगावंसं वाटतं. पण पारध्यांचे फास रिकामे राहतात हे ते तुमच्याआधीपासून बघताहेत.

"बगा. काळा नर, कळपाच्या मागं."

शे-सव्वाशे पावलं. चित्तेवान भाई टोपी सरकवतात. बाकीचं त्या जनावरानं ठरवायचं. क्षणभर तो नुसता बघतो, मग चालत्या गाडीच्या पलीकडच्या अंगानं खाली उतरतो, चाकाआड राहतो, पोट भुईला लावून थोडा सरकतो. नंतरचं तुम्हाला धड दिसतच नाही. माद्या चहूकडे फुटतात, धुळीचा पट्टा उठतो, तुमच्या हातातलं घोंगडं केव्हाच गळून पडलंय. नर अगदी शेवटच्या झेपेला वळतो आणि चित्त्याचा पंजा हवेतच राहतो.

तीनेकशे पावलांवर तो थांबला आहे. चक्क पाठ करून बसला आहे.

हाक मारून उपयोग नाही. भाई लाकडी पळी घेऊन सावकाश चालत जातात. नर पडला असता, तर त्याच पळीतून ऊन रक्त पाजून चित्त्याचे दात नरड्यातून सोडवले असते; आज त्यात मटणाचा तुकडा आहे. चित्ता हुंगतो, खातो, मुकाट्यानं टोपी घालून घेतो.

अर्धा तास तरी आता दम खायचा. अण्णा भाकरी सोडतात, ठेचा तुमच्या पुढ्यात सारतात. तुम्ही पुस्तकी धीर करून म्हणता, की नर लेंड्यांच्या ढिगाकडं परत येईल, इथंच थांबू.

अण्णा पहिल्यांदाच तुमच्याकडं नीट बघतात.

"यील की. पर आज ह्या गाडीची वळख पटलीया त्याला. खावा बिगीबिगी. वढ्याच्या अंगाला दुसरा कळप हाय."