तळपद्यांच्या विमानाचा गुरुत्वमध्य

वालीवच्या औद्योगिक गाळ्यांत सुट्टीच्या दिवशी विलक्षण शांतता असते. अशाच एका गाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोमचे, विजेवर चालणारे रेडिओ-नियंत्रित विमान जोडायला घेतले, तेव्हा आम्ही दोघे मराठीचे अध्यापक केवळ बघे म्हणून बसलो होतो. उठलो ते शिवकर बापूजी तळपदे यांच्याविषयीची एक शंका घेऊन.

जोडणी वरकरणी सोपी. पंखाचे दोन भाग, त्यांतून आरपार जाणारी कार्बनची नळी, शेपटीचे आडवे व उभे पाते, नाकाशी मोटर. गोंद मात्र पारखून घ्यावा लागतो. काही गोंद फोमलाच विरघळवून टाकतात. सर्वो नावाच्या बोटभर यंत्रांना तारा जोडल्या की पाती हलू लागतात. हे सारे दोन-अडीच तासांत उरकले. खरा वेळ गेला तो बॅटरी कोठे ठेवायची यात. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर खालून दोन बोटे टेकवून तो विमान पुनःपुन्हा उचलून पाही. शेपटी खाली झुके. बॅटरी थोडी पुढे सरके, पुन्हा बोटांवर तोल. "सर, वजन मागे राहिलं तर ते उडेलसुद्धा," तो म्हणाला, "पण सांभाळता येणार नाही." वाऱ्याच्या झुळकीने नाक किंचित वर गेले तर ते खाली आणण्याऐवजी असे विमान ते आणखी वर नेते, वेग गमावते आणि कोसळते.

हे ऐकताना चौपाटी आठवणे अपरिहार्य होते. 1895 साली तळपद्यांचे 'मरुत्सखा' हे मानवरहित विमान तेथे 1500 फूट उंच गेले, न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव गायकवाड यांनी ते पाहिले, 'केसरी'ने बातमी दिली, अशी कथा महाराष्ट्रात सांगितली जाते. तिच्यात उंची आहे, साक्षीदार आहेत, पाऱ्याचे इंजिनही आहे. तोल कसा साधला, हे मात्र कोणी सांगत नाही. 1500 फूट चढणाऱ्या यंत्राला तर तोच पहिला प्रश्न असायला हवा होता.

युरोपात तो प्रश्न खेळण्यांतून सुटत गेला. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने 1871 मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान 11 सेकंद उडवले. त्याची शेपटी आणि किंचित वर उचललेले पंख विमानाला आपोआप सावरत. राइट बंधूंच्या वडिलांनी 1878 मध्ये मुलांसाठी आणलेले उडते खेळणेही पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले होते. पुढे 6 मे 1896 रोजी सॅम्युएल लँग्लीचे वाफेवरचे मानवरहित विमान सुमारे 3300 फूट अंतर उडाले आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले. चौपाटीच्या कथेनंतर अवघ्या वर्षभराने! त्या एका छायाचित्राचे मोल आम्हांला फार वाटते.

तळपद्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिकशास्त्रा'ची गोष्ट तर आपल्याच प्रांतातली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये त्याची चिकित्सा केली. त्यातली विमाने उडू शकत नाहीत हा त्यांचा निष्कर्ष बहुतेकांना ठाऊक असतो. त्यांनी भाषाही तपासली, हे साहित्याचे विद्यार्थीही विसरतात. संस्कृत वैदिक नाही, अर्वाचीन आहे. ग्रंथ 1904 च्या आधीचा असू शकत नाही, असे त्यांनी दाखवले. पंडित सुब्बराय शास्त्रींनी तो 1918 ते 1923 या काळात सांगितला. तळपदे 1916 मध्येच निवर्तले होते. 1895 चे विमान या ग्रंथावरून बनले असे म्हणणाऱ्यांनी ही तीन सालेच समोरासमोर मांडावीत. त्याच अभ्यासात तळपद्यांचा उल्लेखही येतो: शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रतिकृती केल्या, त्या उडाल्या नाहीत.

आम्हांला हे वाचून तळपदे लहान वाटले नाहीत. परकीय सत्तेच्या काळात, हाताशी फारसे काही नसताना एक मुंबईकर उडण्याचे यंत्र बांधू पाहतो, फसतो, पुन्हा बांधतो. चरित्रकाराने हात घालावा असा हा विषय आहे. दंतकथेने त्यांना विजय बहाल केला आणि त्यांची धडपड हिरावून घेतली. यात आमचाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक या नात्याने आम्ही याच 1500 फुटांच्या भाषणाला पहिले पारितोषिक दिले होते. वक्त्या मुलीचा आवाज उत्तम होता आणि 'केसरी'चा कोणता अंक, हे विचारण्याचे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा सुटण्यापूर्वी, भात कापून मोकळ्या झालेल्या एका शेतात विद्यार्थ्याने विमान हातानेच पुढे सोडले. ते दहा-बारा पावलांवर नाक उचलून थबकले आणि ढेकळांत पडले. फोमला एक पोचा आला. त्याने बॅटरी आणखी अर्धे बोट पुढे सरकवली, वहीत खूण केली आणि पुन्हा दोन बोटांवर विमान तोलून पाहू लागला.