घरातली जुनी वस्तू संग्रहालयाला द्यायचीय? मृत्युपत्रात काय लिहायचं?

शीळफाटा परिसरात जुनी घरं पडून टॉवर उभे राहतायत. घर रिकामं करताना माळ्यावरून पितळी समया, पेटारे, मोडी कागद, जुनी चित्रं निघतात. फ्लॅटमध्ये जागा नसते आणि मुलांना त्यात रस असेलच असं नाही. बरंच काही भंगारात जातं. अशी वस्तू आपल्यामागे संग्रहालयात जावी, असं वाटत असेल तर मृत्युपत्रात तशी तरतूद करता येते.

असं कुणी केलंय का?

हो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला सर रतन टाटा यांचा कलासंग्रह १९२१ मध्ये आणि सर दोराबजी टाटा यांचा १९३३ मध्ये मिळाला. सर रतन १९१८ मध्ये आणि सर दोराबजी १९३२ मध्ये वारले होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे हे संग्रह त्यांच्यामागे संग्रहालयात आले.

दुसरा मार्ग हयातीत देण्याचा. पुण्याचे दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये आपला संग्रह महाराष्ट्र सरकारकडे सोपवला.

मृत्युपत्र कसं करायचं?

- करणारी व्यक्ती सज्ञान आणि मनाने खंबीर हवी.
- मृत्युपत्र लेखी हवं. त्यावर तुमची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका.
- स्टॅम्प ड्युटी लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण पुढे वाद झाला तर उपयोगी पडते.
- हयात असेपर्यंत मृत्युपत्र कधीही बदलता येतं.

कोणती वस्तू देता येते?

जी तुमच्या मालकीची आहे तीच. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. आजोबांच्या देव्हाऱ्यातली मूर्ती चार भावंडांची असेल, तर आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या.

शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. शिल्पं, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते आणि मालकी बदलली की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. अशी वस्तू परदेशातल्या मुलांकडे परस्पर पाठवता येत नाही.

संग्रहालय घेईलच का?

बहुतेकांची चूक इथेच होते. मृत्युपत्रात नाव लिहिलं म्हणून संग्रहालयावर वस्तू घेण्याचं बंधन येत नाही. तशाच दहा समया त्यांच्याकडे आधीच असतील, वस्तूला वाळवी लागलेली असेल किंवा जपायला जागा नसेल, तर ते नकार देऊ शकतात. म्हणून मृत्युपत्र लिहिण्याआधीच फोटो घेऊन त्यांच्याशी बोला.

‘वस्तू कायम प्रदर्शनात ठेवावी’ अशी अट घालू नका. बहुतेक संग्रहालयांचा मोठा भाग साठवणीतच असतो. अशा अटीमुळे चांगली वस्तूही नाकारली जाऊ शकते.

मृत्युपत्रात काय लिहायचं?

- संग्रहालयाचं पूर्ण अधिकृत नाव आणि पत्ता
- वस्तूचं वर्णन, माप आणि फोटो. नुसतं ‘जुनी भांडी’ नको
- संग्रहालयाने नकार दिला तर वस्तू कुणाला द्यायची
- हे सगळं पार पाडणाऱ्या विश्वासू माणसाचं नाव
- जमल्यास वस्तूच्या देखभालीसाठी काही रक्कम

आजच करण्यासारखं एक काम

वस्तू कुणाची होती, कुठून आली, कशासाठी वापरली जायची, हे एका कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा. ही माहिती नसेल, तर समई फक्त पितळेची समई उरते. माहिती असेल, तर ती एका घराचा आणि गावाचा इतिहास सांगते. आणि मुलांना हे आत्ताच सांगून ठेवा. त्यांना माहीतच नसेल, तर मृत्युपत्र उघडण्याआधी वस्तू भंगारवाल्याकडे गेलेली असेल.