मेळघाटातली पानगळ, पळस आणि लाल पालवी पाहायला जाताय? कधी, कुठे, कसं जायचं आणि काय सांभाळायचं

पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मेळघाटाचं रान सगळ्यात जास्त रंग दाखवतं ते पाऊस संपल्यावर, डिसेंबर ते एप्रिल या काळात. काश्मीरचे चिनार किंवा परदेशातली लाल-पिवळी झाडं लोक मोबाईलवर पाहतात. तसाच रंगांचा हंगाम अमरावती जिल्ह्यात चिखलदरा आणि धारणी तालुक्यात दरवर्षी येतो, फक्त त्याचं वेळापत्रक वेगळं आहे. आणि हाच काळ जंगलातल्या वणव्यांचाही असतो. म्हणून सहल आखताना दोन्ही गोष्टी माहीत हव्यात.

आपल्याकडे पानगळ उशिरा का?

थंड देशांत दिवस लहान होऊन गारठा वाढला की सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पानं रंग बदलतात. आपल्याकडे तेव्हा शरद ऋतू असतो, म्हणजे आश्विन-कार्तिक. त्या वेळी जमिनीत पावसाची ओल असते, झाडं हिरवीगार असतात. आपली खरी पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात होते.

कारण थंडी नाही, पाणी आहे. पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. जमिनीतली ओल कमी झाली की झाड हा खर्च बंद करतं. पानातलं कामाचं सत्त्व खोडाकडे ओढून घेतं, हिरवं द्रव्य कमी होतं आणि आत दडलेला पिवळा रंग दिसायला लागतो. काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. मग देठाशी एक पातळ थर बनतो आणि पान गळतं.

म्हणूनच दरवर्षी तारीख सारखी नसते. पाऊस लवकर संपला तर पानगळ लवकर, परतीचा पाऊस लांबला तर उशिरा. उघड्या खडकाळ उतारावरची झाडं आधी बोडकी होतात, नाल्याकाठची झाडं बरेच दिवस हिरवी राहतात.

कोणत्या महिन्यात काय दिसतं?

डिसेंबर-जानेवारी (मार्गशीर्ष-पौष): डोंगरउतारावरचं गवत सोनेरी होतं. धावड्याची पानं तांबूस, तांब्याच्या भांड्यासारखी दिसायला लागतात. सालई आणि मोई पानं टाकतात. चिखलदऱ्यात सकाळी चांगलीच थंडी असते. सकाळच्या उन्हात, सूर्य समोर ठेवून धावड्याचा उतार पाहिला तर रंग जास्त खुलतो.

फेब्रुवारी (माघ): सागाची पानगळ जोरात असते. मोठमोठ्या वाळक्या पानांचा थर पायाखाली वाजतो. काटेसावर लाल फुलांनी भरते, गणेर पिवळ्या फुलांनी. पान नसल्यामुळे कहांडळाचं पांढरट खोड लांबूनही ओळखू येतं. पक्षी पाहायचे असतील तर हाच महिना बरा, कारण फांद्या मोकळ्या असतात.

मार्च (फाल्गुन): पळस पेटतो. पूर्ण झाड बोडकं आणि वर नुसती केशरी फुलं. पानांचा आडोसा नसल्यामुळे मैना, बुलबुल, शिंजीर या पक्ष्यांना फुलं लांबून दिसतात. ते मध प्यायला येतात आणि परागीकरण होतं. याच सुमारास कुसुमाची (काही भागात कोसिंब म्हणतात) नवी पालवी येते. ती इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटतात. कोवळ्या पानातला हा लाल रंग कडक उन्हापासून पानाचं रक्षण करतो. आठ-पंधरा दिवसांत पान हिरवं होतं, त्यामुळे वेळ चुकली की वर्षभर थांबावं लागतं. मोह फुलायलाही मार्चमध्येच सुरुवात होते.

एप्रिल (चैत्र): पिंपळाची तांबूस पालवी, मोहाची नवी पानं आणि महिन्याच्या शेवटी बहाव्याचे पिवळे घोस. पण ऊन कडक. पायथ्याच्या गावांत दुपारी फिरणं टाळलेलंच बरं.

सागाला मात्र घाई नसते. त्याची नवी पानं पावसाबरोबर येतात. कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लाल होतो.

कुठे जायचं?

चिखलदरा: समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. इथल्या वेगवेगळ्या पॉइंटवरून खालच्या दऱ्यांतला सागाचा पट्टा एका नजरेत दिसतो. लक्षात ठेवा, पावसाळ्यात कोसळणारे धबधबे मार्चमध्ये कोरडे असतात. धबधब्यासाठी जायचं असेल तर जुलै-सप्टेंबर, रंगांसाठी जायचं असेल तर जानेवारी-मार्च.

गाविलगड: चिखलदऱ्याजवळचा मोठा किल्ला. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. तटावरून पळसाचे उतार चांगले दिसतात. किल्ला जंगलात आहे, म्हणून प्रवेशाची वेळ आधी विचारा आणि अंधाराच्या आत खाली या.

सेमाडोह, कोलकास, हरिसाल: परतवाडा-धारणी रस्त्यावरचा हा भाग सिपना नदीच्या खोऱ्यात आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीकाठ हिरवा आणि वरचा डोंगर बोडका, असा फरक इथे स्पष्ट दिसतो. सेमाडोह आणि कोलकासला वन विभागाची राहण्याची सोय आहे, पण होळीच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी आधी बुकिंग केलेलं बरं.

नरनाळा-शहानूर: अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात. अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडच्या लोकांना हे जवळ पडतं.

वाटेत जोडता येणाऱ्या जागा: डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा सुरू असते. रोडगे खाऊन पुढे जाता येतं. मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरं मध्य प्रदेशच्या हद्दीत आहेत, पण परतवाड्याहून जवळ आहेत.

कसं जायचं?

अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, तिथून चिखलदरा ३० किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने येणाऱ्यांसाठी बडनेरा आणि अमरावती ही स्टेशनं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला धामणगाव गढी मार्गे किंवा घटांग मार्गे जाता येतं. जाताना एक आणि येताना दुसरा रस्ता धरला तर दोन्ही बाजूंचं जंगल पाहून होतं.

एसटीने जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर डेपोत किंवा कंडक्टरला विचारून घ्या. घाटात वळणं अरुंद आहेत. मोटारसायकलवर तिघं बसणं, वळणावर ओव्हरटेक करणं हे इथे जिवावर बेतू शकतं. अंधार पडल्यावर रस्त्यावर जनावरं येतात, त्यामुळे दिवसाउजेडीच घाट उतरा.

एका दिवसाची सहल: पहाटे निघा, सकाळच्या उन्हात घाट चढा, एक-दोन पॉइंट आणि गाविलगड, दुपारी सावलीत जेवण, चारच्या आत परत निघा.

दोन दिवसांची सहल: पहिला दिवस चिखलदरा, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी घटांग मार्गे सेमाडोह-कोलकासकडे. सफारी करायची असेल तर वन विभागाच्या गेटवर ओळखपत्र लागतं, सोबत ठेवा.

मोबाईलची रेंज अनेक ठिकाणी जाते. नकाशा आधीच डाऊनलोड करा, मुक्कामाचा नंबर कागदावर लिहा, थोडे रोख पैसे ठेवा. ऑनलाइन पैसे सगळीकडे चालतील असं धरून चालू नका.

जंगलाचे नियम काय?

मेळघाट हा देशात १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. रस्त्यावरून जाणं आणि जंगलात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी. परवानगीशिवाय आत जाणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा ठरतो. राखीव जंगलात आग लावणं किंवा पेटती वस्तू टाकून जाणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. म्हणजे पळस पाहायला जायचा काळ आणि आगीचा काळ एकच. सागाचं वाळकं पान मोठं आणि हलकं असतं. एकदा पेटलं की वाऱ्याने उडून पुढे आग नेतं. अशी जमिनीवरची आग मोठी झाडं मारत नाही असं अनेकांना वाटतं. पण त्यात रोपं जळतात, तित्तर-लाव्यांची घरटी जातात, पाणी धरून ठेवणारा पाल्याचा थर राख होतो. मग पहिल्याच पावसात माती वाहून नाल्यात जाते. खालच्या गावांच्या विहिरींचं पाणी याच थरावर अवलंबून असतं.

म्हणून हे पाळा:
- चूल पेटवायची नाही. डबा घरून न्या किंवा हॉटेलात जेवा.
- विडी-सिगारेटचं थोटूक गाडीतून बाहेर टाकू नका.
- तापलेल्या सायलेन्सरची गाडी वाळक्या पाल्यावर उभी करू नका. मोकळ्या मातीवर किंवा डांबरावर लावा.
- धूर दिसला तर फोटो काढत बसू नका. वन विभागाच्या टोल फ्री १९२६ वर कळवा, जवळच्या नाक्यावर सांगा. स्वतः आगीत शिरू नका.

मोह वेचणाऱ्यांचा मान ठेवा

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन दिसतील. ही फुलं वाळवून विकली जातात, घरात खाल्लीही जातात. शेतात काम नसतं त्या दिवसांत हेच हातात येणारे पैसे. कोणतं झाड कोणाच्या घराचं, हे गावात ठरलेलं असतं. गौण वनोपजावरचा हा हक्क वन हक्क कायदा २००६ नेही मान्य केला आहे. त्यामुळे मोहाखाली गाडी लावू नका, पडलेल्या फुलांवरून चालू नका, विचारल्याशिवाय वेचू नका. फोटो काढायचा असेल तर आधी दादा-ताईंना विचारा.

मोह वेचणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची पद्धत अनेक गावांत आहे आणि तीच आग पुढे जंगलात जाते. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी, जुन्या साड्या अंथरल्या तर फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही आणि आगीची भीतीही नाही. तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून आग लावण्याऐवजी झुडपांची छाटणी करता येते.

मोहाची फुलं अस्वलालाही आवडतात. पहाटे आणि संध्याकाळी ती झाडाखाली येतात आणि अचानक समोर माणूस आला तर हल्ला करतात. उजाडण्याआधी एकट्याने मोहाखाली जाऊ नका. बोलत, आवाज करत, दोघं-तिघं मिळून जा.

होळीत जात असाल तर

कोरकू बांधवांचा होळी हा सगळ्यात मोठा सण. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं या वेळी घरी येतात. होळीनंतर चार-पाच दिवस रस्त्यात नाचत-गात लोक गाडी थांबवून फगवा मागतात. ही जुनी रीत आहे. चिल्लर सोबत ठेवा, हसून द्या, वाद घालू नका.

पळसाच्या फुलांचा रंग करायचा असेल तर फांद्या तोडू नका. खाली पडलेली फुलं आपल्या शेताच्या बांधावरही मिळतात. ती रात्रभर पाण्यात भिजवा किंवा उकळा, केशरी रंग तयार.

निघण्याआधी एवढं तपासा

१. माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी, ओआरएसची पाकिटं.
२. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट. पाल्यात साप, विंचू दिसत नाहीत.
३. कड्यावर, झाडावर आग्यामोहळ असेल तर दगड, धूर, मोठा आवाज नको. माशा उठल्या तर तोंड झाकून लांब पळा.
४. प्लास्टिक परत आणण्यासाठी एक पिशवी.
५. गाडीत पुरेसं पेट्रोल परतवाड्यातच भरा.
६. नंबर: रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२, वन विभाग १९२६.

कुसुमाची पालवी आणि पळस एकत्र पाहायचा असेल तर होळीच्या आठ दिवस आधीपासून ओळखीच्या माणसाला किंवा मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून झाडं फुलली का, ते विचारा. कॅलेंडरपेक्षा तिथल्या माणसाचा अंदाज जास्त बरोबर निघतो.