विद्युन्मंडलाची पूर्वपरीक्षा

विजेचें मंडल बांधावें, कळ दाबावी आणि काय जळतें तें पाहावें, ही कारागिरांची जुनी परीक्षा. सिलिकनच्या इवल्या चकतीवर अख्खें मंडल कोरलें जाऊं लागल्यावर ती अपुरी पडली. सुटे भाग फळीवर रचून तेंच मंडल उभारलें तरी तें हुबेहूब तसें वागत नसे. १९६९-७० मध्यें बर्कलेस रोनाल्ड रोहरर यांच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित संगणकाकडून करविणारी आज्ञावली लिहिली. तिचें नांव 'कॅन्सर'! किरणोत्सर्गाचा विचार वगळल्याची कबुली त्या आद्याक्षरांतच होती; तत्कालीन लष्करी पैशावरील आज्ञावल्यांना हा टोलाच म्हणावयाचा. लॉरेन्स नेगेल यांनीं तिला नवें रूप दिलें व १९७३ मध्यें कॅनडांत 'स्पाइस' जगापुढें आली. डोनाल्ड पेडरसन यांच्या आग्रहानें ती सर्वांस खुली राहिली.

स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यानें मात्र तिलाही दमविलें. त्यांतील ट्रान्झिस्टर सेकंदांत हजारों वेळां उघडझाप करतो. दाब स्थिरावण्यास अशा शेंकडों फेऱ्या लागतात, आणि संगणकास प्रत्येक फेरी बारीक पावलांनीं मोजावी लागते. १९७६ मध्यें कॅल्टेकच्या मिडलब्रुक व स्लोबोदान चुक यांनीं फेरींतील दोन अवस्थांची कालमानानुसार सरासरी घेण्याची रीति मांडली. दाबाचें नियंत्रण डळमळेल कीं नाहीं, हें तीवरून बांधणीपूर्वींच कळूं लागलें. परंतु कळ तुटतांना उसळणारा क्षणिक दाब सरासरींत दिसत नाहीं, आणि ट्रान्झिस्टर अनेकदां फुटतो तो त्याच आघातानें. त्याकरितां अभियंत्यास अजूनहि स्पाइसच्या संथ हिशेबाकडेच वळावें लागतें.