फरच्या धंद्यातून आलेली वैरण

लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीकडे १८२९ साली दोन चिंचिला होते. एडवर्ड टर्नर बेनेट या प्राणिशास्त्रज्ञाने त्या वर्षी छापलेल्या पुस्तकात त्यांचं वर्णन केलंय, आणि मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांच्या खाण्याची नोंद. आधी आलेल्याला मुख्यतः दाणे आणि रसाळ कंदमुळं मिळत. दुसरा लेडी नायटन यांच्याकडून आला. त्याला सुकं गवत आणि क्लोव्हरचा चारा खायची सवय होती, आणि त्यावर तो छान पोसला होता. पहिल्याला थंडी वाजेल म्हणून त्याच्या निजायच्या खणात फ्लॅनेलचा तुकडा ठेवत. तो दर वेळी ते फडकं बाहेर ओढून आणी आणि दातांनी-पायांनी त्याची पार दशा करी. अँडीजच्या कड्यांवरचं जनावर ते, त्याला फ्लॅनेलचं काय कौतुक! पण गंमत अशी, की शास्त्रज्ञांच्या ताब्यातला चिंचिला दाण्यावर होता आणि घरगुती हौसेने पाळलेला गवतावर. घरच्यांचंच बरोबर होतं. बाकी जगाला हे उमगायला पुढची शंभर-दीडशे वर्षं लागली.

मी सांगली जिल्ह्यातली, दुभत्या जनावरांच्या घरातली. आता लॉस एंजेलिसजवळ लेकीकडे असते. नातीने भुरी नावाची चिंचिला पाळलीय आणि तिच्या वैरणीचं खातं आपसूक माझ्याकडे आलंय. पिंजरा, पाण्याची काचेची बाटली, अंग घोळवायची राखेसारखी बारीक धूळ, हे सगळं नात बघते. मी गवत आणि गोळीपेंड बघते. इथे तिला ‘पेलेट’ म्हणतात, पण आमच्याकडे डेअरीवाले गोळीपेंडच म्हणतात, आणि दिसायलाही ती तशीच, फक्त बारीक. ही गोळी पाळीव चिंचिलाच्या वाटीत आली कुठून, हे शोधायला बसले तर वाट थेट कातड्यांच्या बाजारात गेली.

चिंचिलाच्या एकेका रोमरंध्रातून पन्नास-साठ केस निघतात. अशी दाट फर जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्या जनावराला नाही, आणि हीच त्याच्या मुळावर आली. एका लांब कोटाला शंभराच्या वर कातडी लागत. एकोणिसाव्या शतकात चिलीच्या कोकिंबोसारख्या बंदरांतून ती युरोपला जाऊ लागली, आणि १९०० च्या आगेमागे तर वर्षाला लाखांनी गेली. शिकारी बिळांत धूर करत, कुत्री सोडत, झुडपं पेटवून देत. १९१० मध्ये चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांनी मिळून शिकारीवर बंदीचा करार केला, तेव्हा राखायला फारसं उरलंच नव्हतं. बंदी आली आणि कातड्याचा भाव आणखी चढला, एवढंच.

इथे मथायस चॅपमन येतो. हा अमेरिकन खाण-अभियंता, अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या तांब्याच्या खाणीवर चिलीत नोकरीला होता. १९१८ च्या सुमारास तिथल्या एका माणसाने त्याला जिवंत चिंचिला विकला आणि याच्या डोक्यात ते शिरलं. तेवीस माणसं कामाला लावून तीन वर्षं डोंगर पालथे घातले तेव्हा धडधाकट अशी अकरा जनावरं हाती लागली. ती त्याने एकदम खाली आणली नाहीत. टप्प्याटप्प्याने उतरवत, वाटेत मुक्काम करत, समुद्रसपाटीची सवय लावत वर्षभराने बंदरावर आणली. बोटीवर उष्णतेने मरू नयेत म्हणून पिंजऱ्यांशी बर्फ ठेवला. १९२३ च्या फेब्रुवारीत तो सान पेद्रोला उतरला. ते बंदर आमच्या घरापासून गाडीने जवळ आहे. तिथे आता कंटेनरच्या उतरंडी दिसतात. अमेरिकेतल्या पाळीव चिंचिलांची वंशावळ बहुतांशी त्या अकरांपर्यंत जाऊन पोचते, म्हणजे भुरीचीही जात असणार.

चॅपमनने इंगलवूडला फार्म काढलं. १९३४ मध्ये तो वारला आणि मुलाने ते पुढे चालवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर या धंद्याला ऊतच आला. तळघरात, गॅरेजमध्ये चिंचिला पाळा आणि श्रीमंत व्हा, अशा जाहिराती येत. एकेका जोडीला हजार डॉलरच्या वर मोजणारे लोक होते. पण ते पैसे कातड्याचे नव्हते, पुढच्या गिऱ्हाइकाला जोडी विकायच्या आशेचे होते. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन कातड्यांचा मोठा लिलाव झाला, खरा भाव कळला आणि पुष्कळांचे डोळे पांढरे झाले. शेळीपालन, ससेपालन आणि इमूपालनाच्या योजना बघितलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

मला रस आहे तो त्या फार्मवरच्या खाण्यात. जाळीच्या पिंजऱ्यांच्या रांगा असत. एका नराला अनेक माद्या. मागच्या बाजूने नराला सगळ्या खणांत फिरायला बोळ, आणि मादीच्या गळ्यात हलकंसं कडं, म्हणजे तिला त्या भोकातून बाहेर पडता येऊ नये. अशी शेकडो तोंडं रोज हाताने भरायची तर दाणा, पाला, सुकी पानं निवडत कोण बसणार? आणि जनावर तर पक्कं चोखंदळ. मिसळ दिली की आवडीचं तेवढं उचलतं आणि उरलेलं सांडतं. गोळीत ही निवड संपते. लसूणघासाचं पीठ, धान्य, कोंडा, क्षार सगळं दळून, वाफवून, साच्यातून दाबून काढलं की प्रत्येक घास सारखा. सशांची गोळी आधीच बाजारात होती, ती चालवून बघितली गेली. मग खास चिंचिलाची गोळी आली, पुढच्या दोन पायांत धरता यावी म्हणून जरा लांबट. भुरी ती कशी खाते ते बघण्यासारखं आहे. वाटीतून एक उचलणार, मागच्या पायांवर बसून भाकरीच्या तुकड्यासारखी हातात फिरवणार, टोकाचा एक चावा घेणार, टाकणार आणि दुसरी उचलणार. फार्मवाल्यांच्या नफ्यातला केवढा हिस्सा असा जाळीखाली गेला असेल!

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिचा हिशेब कोणाचा होता, ते विसरून चालत नाही. जनावर लवकर भरावं, केस दाट यावेत, माद्या वेळेवर व्याव्यात. वर्षभरातच ज्याचं कातडं निघायचं, त्याचे दात दहाव्या वर्षी कसे असतील याची चिंता कोण करतो? घरातला चिंचिला पंधरा-वीस वर्षंही जगतो. त्याचे सगळे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. दाढा झिजतात त्या चिवट गवत आडवं रवंथल्यासारखं चावून. गोळी दोन चाव्यांत मोडते, दाढेला कामच उरत नाही. मग दाढा वर डोळ्याकडे आणि खाली जबड्यात शिरतात, लाळ गळून हनुवटी ओली राहते, आणि खाणं सुटतं. डेव्हिड क्रॉस्ली या ब्रिटिश दंत-पशुवैद्याने रानातल्या आणि पिंजऱ्यातल्या चिंचिलांच्या कवट्या ताडून बघितल्या, तर पिंजऱ्यातल्यांच्या दाढा लांब भरल्या. रानात ते काय खातात? चिलीत इयापेलजवळ १९८३ पासून त्यांच्यासाठी राखीव रान आहे. तिथे ते मुख्यतः काडीसारखं कडक डोंगरी गवत खातात. दाणा-कंद नव्हे.

म्हणून आमच्या पिंजऱ्यात गव्हाण आधी आणि वाटी मागून. गवत टिमोथीचं, काडी हिरवट आणि वास गोड असलेलं, चोवीस तास भरलेलं. कुबट वास आला किंवा झटकल्यावर धूळ उडाली की तो गठ्ठा बाद, कडब्याला लावतो तोच नियम. गव्हाण कशी आहे तेही बघावं लागतं. दुकानात तारेचे गोल चेंडू मिळतात, त्यांच्या फटीत डोकं नाहीतर पाय अडकतो, आणि चिंचिलाचं हाड काटकीसारखं मोडतं. जाळीला बाहेरून टांगलेली अरुंद फटींची गव्हाण बरी. गवत जमिनीवर टाकलं तर त्यावर मुततात आणि मग तेच खातात. गोळी दिवसाला एक ते दोन मोठे चमचे, स्टीलच्या, जाळीला स्क्रूने घट्ट बसवलेल्या वाटीत. प्लॅस्टिकची वाटी भुरी खाऊन टाकते. नवी गोळी आणली तर जुनीत थोडी थोडी मिसळत आठवड्या-दोन आठवड्यांत बदलायची. एकदम बदललं की पोटात वायू धरतो, आणि या जनावराला ओकता येत नाही. ओल्या लसूणघासावर सुटलेल्या म्हशीची पोटफुगी ज्याने बघितलीय, त्याला जास्त सांगायला नको. फरक इतकाच, की म्हशीला तेल पाजायला वेळ मिळतो. सुका लसूणघास व्यायलेल्या मादीला आणि वाढत्या पिल्लांना ठीक. धडधाकट मोठ्याला रोज दिला तर चुन्याचा अंश नको तेवढा होतो.

पुण्याहून भाचा फोनवर विचारत होता, आम्ही पाळू का? मी म्हटलं, बाळा, सत्तावीस अंशांच्या वर त्याला सोसवत नाही. मे महिन्यात एसीसकट तू पिंजऱ्यात बसणार का?

कॅलिफोर्नियात नवी फर विकायला बंदी घालणारा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, चॅपमन उतरला त्याला बरोबर शंभर वर्षं होताना. त्याआधी २०२१ मध्ये सान दिएगोकडचं एक चिंचिला फार्म प्राणीमित्र संस्थेने विकत घेऊन बंद केलं आणि शेकडो जनावरं घरोघर दिली. फार्मं गेली, पण त्यांच्या सवयी जुन्या पाळीव-पुस्तकांत अजून ठाण मांडून आहेत. त्यातली एक म्हणजे लाडाने रोज बेदाणा द्यायची. चिंचिला बेदाण्यासाठी जीव टाकतो, हातावर येतो, ओळख धरतो, म्हणून फार्मवाल्यांना तो सोयीचा. पण साखर त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडी बिघडवते. आता मी तासगावकडची. आमच्याकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या बॅगेत दोन किलो बेदाणा असतोच, आणि नातीच्या मैत्रिणींना तो डबा कुठे आहे हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून डबा वरच्या फळीवर आणि पिंजऱ्याची किल्ली माझ्याकडे. भुरीला लाड म्हणून सुकलेलं गुलाबाचं एखादं फळ मिळतं, तेही रविवारी.