जाहिरात आईला सोडून थेट मुलाशी बोलायला लागली, ती गोष्ट

कोणाच्या माळ्यावर जुने इंद्रजाल कॉमिक्स, चांदोबाचे अंक अजून शिल्लक असतील तर खाली काढा. आणि या वेळी गोष्टी सोडा, जाहिराती वाचा.

मराठीत मुलांची मासिकं काही आजची नाहीत. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' सुरू झालं १९०६ मध्ये. 'चांदोबा' मराठीत आला १९५२ ला. पण बराच काळ पोरांच्या मालाची जाहिरात बोलायची मोठ्यांशी. डोंगरे बालामृत घ्या. पिणार बाळ, पण पटवायचं आईला. पैसे तिच्या नाहीतर बाबांच्या हातात, त्यामुळे बोलणंही त्यांच्याशीच. सरळ व्यवहार होता.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स काढलं. पुढे ते मराठीतही आलं. वेताळ, जादूगार मँड्रेक, आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर. (आपल्याकडे वेताळ म्हणजे गावाची राखण करणारा देव. हा जांभळ्या कपड्यातला वेताळ पोरांनी कसा काय चालवून घेतला कोण जाणे!) या पानांवर गोळ्या, बिस्किटं, टूथपेस्ट असायची, आणि बोलणं असायचं थेट वाचणाऱ्या पोराशी.

युक्त्या बघा. एक म्हणजे जाहिरातच कॉमिक्ससारखी काढायची. चार चौकटी, एक हिरो, एक चोर, शेवटी गोळ्या वाटल्या की सगळे खूश. कॅडबरीच्या जेम्सचा तर 'जेम्स बाँड'च होता. गोष्ट कुठे संपली आणि दुकान कुठे सुरू झालं, हे आठ वर्षांच्या पोराला कसं कळणार? दुसरी युक्ती, आत काहीतरी फुकट. बिनाकाच्या टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे छोटे प्राणी निघायचे. म्हणजे घरात पेस्ट कुठली आणायची हे हत्ती-उंट गोळा करणारं पोरगं ठरवणार! तिसरी म्हणजे वेष्टनं जमवा, पोस्टाने पाठवा, बक्षीस मिळवा. पोराला एक गोळी हवी असते, पण वेष्टनं दहा लागतात.

अमेरिकेत तर याहून कहर. तिथल्या कॉमिक्समध्ये १९६० च्या दशकात 'सी-मंकी' विकायचे. चित्रात मुकुट घातलेलं राजाराणीचं कुटुंब, आणि पाकिटातून निघायची खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची अंडी. आपल्या किनाऱ्यावरचं कुठलंही पोर हसलं असतं.

वेळणेश्वरसारख्या गावात या जाहिरातींचं काय व्हायचं? कॉमिक्स यायची ती मे महिन्यात नाहीतर गणपतीत, चाकरमान्यांच्या पिशवीतून. अंक सहा महिने शिळा, कूपनची मुदत कधीच संपलेली. गावच्या दुकानात लिमलेटच्या गोळ्या बरणीतल्या सुट्या, त्यांना वेष्टनच नाही. मग उरायचं ते नुसतं बघणं. काही मुलांना त्याने चुटपुट लागली असेलच, मी ती नाकारत नाही. पण जाहिरात आणि पोर यांच्यामध्ये एसटी होती, पोस्ट होतं, दुकानदार होता, आणि सगळ्यात शेवटी "गप बस" म्हणणारी आई होती.

ऐंशीच्या दशकात टीव्ही आला, रसना आलं, पाच रुपयांत बत्तीस ग्लास. एसटी आणि पोस्ट तेव्हाच गळलं. आता मोबाईल आल्यावर आईसुद्धा मध्ये राहिलेली नाही. पोर गेम खेळतं, मध्येच जाहिरात येते. रीलमधला 'दादा' चिप्सचं पाकीट फोडतो, ती जाहिरात आहे की त्याची आवड, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. चार चौकटींची जुनीच युक्ती आहे ही, फक्त चौकट काढून टाकली.

यावर कायदा नाही असं समजू नका. ९ जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक नियम काढले. त्यात मुलांसाठी वेगळा भाग आहे. "हे विकत घे" किंवा "आईबाबांना घ्यायला लाव" असं मुलाला थेट सांगायचं नाही. ही वस्तू नसेल तर तू इतरांपेक्षा कमी, असं सुचवायचं नाही. चिप्स, कोल्ड्रिंक यांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात दाखवायच्या नाहीत. फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. या नियमांत बसवली तर इंद्रजालमधली निम्मी पानं कोरी सोडावी लागली असती असं मला वाटतं.

आणि नुसतं कागदावर राहतं असंही नाही. बोर्नव्हिटाचं नाव १९७२ पासून क्विझ कॉन्टेस्टमुळे हुशारीशी जोडलं गेलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढा. लोकांनी आरडाओरडा केला म्हणूनच ते झालं.

तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. लेखी द्यायची तर ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, म्हणजे आपल्याला रत्नागिरीला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि तारीख तेवढी जपून ठेवा.