शेजारच्या यंत्राशी बोलण्याची परवानगी

एकाच घरातल्या किंवा कचेरीतल्या दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे तर कोणाला विचारावे लागत नसे, हा संगणकाच्या जगातला जवळजवळ पस्तीस वर्षांचा रिवाज. तो पडला प्रिंटरमुळे. १९८५ मध्ये आलेल्या ॲपलच्या लेझररायटरची किंमत ६,९९५ डॉलर होती. मॅकिंटॉशपेक्षा कितीतरी महाग असलेले हे यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवणे शक्यच नव्हते. अनेकांनी मिळून ते वापरावे यासाठी ॲपलटॉक होते. वायर जोडली की प्रिंटर स्वतःच आपले नाव सांगे आणि मॅकवरच्या ‘चूजर’मध्ये दिसू लागे. पत्ता टाइप करायचा नाही, की नेटवर्क सांभाळायला वेगळा माणूस ठेवायचा नाही.

इंटरनेटच्या आयपी पद्धतीत ही सोय नव्हती. पत्ते कोणीतरी वाटून द्यावे लागत. ॲपलटॉकचा हा सोपेपणा आयपीवर आणण्यासाठी इंटरनेट मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये १९९९ साली ‘झिरोकॉन्फ’ गट सुरू झाला. स्टुअर्ट चेशायर हे त्यातले प्रमुख नाव. ऑगस्ट २००२ मध्ये मॅक ओएस टेन १०.२ बरोबर ही कल्पना ‘राँदेव्हू’ नावाने लोकांच्या हाती आली. नावावरून ट्रेडमार्कचा वाद झाल्यावर २००५ मध्ये तिचे ‘बाँझूर’ झाले. भेटीच्या जागी नमस्कार आला, इतकाच फरक.

बाँझूरची रीत दवंडीची आहे. संगणक २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर, ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ असे विचारतो आणि जो असेल तो उत्तर देतो. दवंडी सगळ्यांना ऐकू जाते, उत्तरही. प्रश्न कोणी केला आणि कशासाठी, याची चौकशी या रचनेत नाही. जवळ आहे तो आपलाच, हे गृहीत धरलेले.

स्मार्टफोन आल्यावर हे गृहीत डळमळले. घरच्या वायफायवर टीव्ही, स्पीकर, कॅमेरे आणि दिवे आले, तर फोनमध्ये अनोळखी कंपन्यांची डझनावारी ॲप. कोणत्या घरात कोणती यंत्रे आहेत, ही यादी त्या घराच्या ठशासारखीच असते. शिवाय यंत्रांच्या नावांत मालकाचे नाव बहुधा असतेच. टॉर्चच्या ॲपला ही यादी कशाला हवी, हा प्रश्न रास्त होता. सप्टेंबर २०२० मध्ये आयओएस १४ ने पहिल्यांदा अट घातली: ॲपला लोकल नेटवर्कवर जायचे असेल, तर वापरणाऱ्याची संमती हवी. १६ सप्टेंबर २०२४ रोजी मॅकओएस १५, म्हणजे सिकोया, बरोबर हीच अट डेस्कटॉपवर आली.

फोनवर प्रकरण सुटसुटीत होते, कारण एक ॲप म्हणजे एक मालक. डेस्कटॉपवर मात्र एक प्रोग्राम दुसरा चालवतो, पार्श्वभूमीवर मदतनीस चालतात, कोणी स्वतःच स्क्रिप्ट लिहितो. त्यातून एक फसवा दोष जन्माला आला. परवानगी नसलेल्या ॲपला ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळत नाही. ‘नो रूट टू होस्ट’, म्हणजे तिकडे जायला रस्ताच नाही, असे मिळते. ते वाचून माणूस केबल तपासतो, राउटर बंद-चालू करतो. मग टर्मिनल उघडून पिंग करतो, आणि समोरचे यंत्र लगेच उत्तर देते. टर्मिनलमधून किंवा एसएसएचवरून चालवलेल्या आज्ञांना ही अट लागूच नाही. म्हणजे तपासणीचे नेहमीचे हत्यारच इथे दिशाभूल करते. रूट म्हणून, म्हणजे प्रणालीच्या पूर्ण अधिकाराने, चालणाऱ्या मदतनीसालाही (डीमनला) सूट आहे. वापरणाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या मदतनीसाला (एजंटला) मात्र नाही. एखाद्या संपादक-ॲपमधून पायथन स्क्रिप्ट चालवली, तर परवानगी पायथनची नव्हे, त्या संपादकाची पाहिली जाते.

पहिली पाहणी म्हणूनच सिस्टिम सेटिंग्ज, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘लोकल नेटवर्क’ या पानावर. तिथे ॲपपुढचे बटण बंद असेल तर चालू करायचे. चालू दिसूनही काम होत नसेल, तर ते एकदा बंद करून पुन्हा चालू करणे आणि संगणक रीस्टार्ट करणे, हा सिकोयाच्या सुरुवातीच्या काळात सर्रास चाललेला उपाय. कॅमेरा-मायक्रोफोनच्या परवानग्या मुळापासून पुसणारी ‘टीसीसीयूटिल’ ही आज्ञा इथे उपयोगाची नाही, कारण ही नोंद त्या व्यवस्थेत राहत नाही. फायरवॉलकडे बोट दाखवण्यातही अर्थ नसतो: मॅकची फायरवॉल येणाऱ्याला अडवते, ही परवानगी मुख्यतः जाणाऱ्याला.

दोन गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. राउटरपलीकडच्या दुसऱ्या सबनेटमधला प्रिंटर ‘लोकल’ मानला जात नाही. मोठ्या कचेरीत दूरचा प्रिंटर चालतो आणि शेजारचा चालत नाही, असे चमत्कारिक दृश्य त्यामुळे दिसू शकते. दुसरी गोष्ट ओळखीची. प्रोग्राम ओळखताना मॅकओएस त्याच्या फाइलमधला यूयूआयडी हा क्रमांकही पाहते. गो भाषेत बांधलेल्या प्रोग्रामांत तो आपोआप येत नसे, त्यामुळे त्यांच्या परवानगीचा गोंधळ होई. फेब्रुवारी २०२५ मधल्या गो १.२४ पासून तो येऊ लागला; त्याआधीचा प्रोग्राम नव्याने बांधून घेणे हा तिथला इलाज.

ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रोम १४२ ने हीच अट वेबसाइटांना लावली. मॅकवर क्रोममधून घरातल्या यंत्राचे पान उघडायचे तर आधी प्रणालीने क्रोमला परवानगी दिलेली असावी लागते. बाहेरच्या वेबसाइटला त्या यंत्रापर्यंत पोचायचे असेल, तर तिला क्रोमचीही वेगळी परवानगी लागते.